रक्तीच्या पानावर फुली

पुस्तक हातात आलं आणि अनुक्रमणिकेच्या तिसऱ्याच ओळीला माझं डोकं सणकलं. वर ठळक अक्षरांत मथळा होता, 'आपल्या पारंपरिक पाककृती'. खाली ओळीनं गोव्याकडचं विंदालू, सोरपोतेल, केरळकडचं अप्पम आणि स्ट्यू.

आपल्या म्हणजे नक्की कोणाच्या? मी याच चर्चच्या मंडळीत जन्मले, इथंच माझा बाप्तिस्मा झाला, इथंच लग्न लागलं. साठ वर्षांत नगरच्या एकाही ख्रिस्ती घरात मी सोरपोतेल शिजलेलं पाहिलं नाही. आमच्याकडे नाताळला करंज्या, शेव, चकल्या होतात, शेजारी दिवाळीत करतात त्याच. दुपारी काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी. व्हिनेगरची बाटली माझ्या घरात पहिल्यांदा आली, ती मुलीला चायनीज करून बघायचं होतं म्हणून.

रविवार होता. उपासना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर परक्याच कुणाच्या तरी टेबलावरचा केक आणि मेणबत्त्या. माझी आई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ऐंशी पार केलेली बाई, पण त्या दिवशी पहाटेच उठून अंघोळ करून तयार होती. पाकिटातला चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "माझं कंच्या पानावर हाय?"

मी पानं उलटत राहिले. आईचं नाव कुठंच नव्हतं.

आधी आईबद्दल सांगते. आई सोनईकडची. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर जवळपास तीस वर्षं मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. तिच्या आधी तिथं जी म्हातारी स्वयंपाक करायची, तिच्या हातच्या मसाल्याची चव मुलींच्या जिभेवर होती. ती म्हातारी एका आठवड्यात तापानं गेली. मसाल्यात काय पडायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मुली जेवणाची ताटं सरकवून द्यायच्या आणि आई रडकुंडीला यायची. "ती मेली आन् तिचा हात तिच्याबरूबर गेला," असं आई अजूनही म्हणते. त्यानंतर ती लिहायला लागली.

मुलींच्या उरलेल्या वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून, वरून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावून तिनं एक वही केली. भरली की आणखी पानं शिवायची. अशी ती जाड होत गेली. तिच्यात नुसतं काय किती घालायचं एवढंच नव्हतं. प्रत्येक पदार्थाच्या खाली, हा कोणी शिकवला, कुठं शिकवला, कोणी कोणी खाल्ला, हे लिहिलेलं असायचं. शेंगोळ्यांच्या खाली तिच्या थोरल्या जावेचं नाव आणि 'हिला नवऱ्यानं टाकली तवा ही आमच्याकडं सा म्हैने ऱ्हायली' अशी ओळ. तांदुळज्याच्या भाजीखाली, 'ही पान्याच्या चारीच्या कडंला फुकट मिळते, कुनी बघत नसलं की उपटावी.' बोलते तशीच लिहायची. हाय, न्हाई, लई, आमी.

आमचे पणजे-खापरपणजे ख्रिस्ती झाले ते गावकुसाबाहेरून. त्यांच्याबद्दल मिशनच्या रजिस्टरात नावं आहेत, बाप्तिस्म्याच्या तारखा आहेत. ते काय खात होते, काय खायला मिळत नव्हतं, हे कोणीही लिहून ठेवलं नाही. माझ्या माहितीत ते फक्त माझ्या आईनं लिहिलं.

आणि ती वही तिच्या हातून काढून घेऊन मी दिली. हे आधी कबूल करायला हवं, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग कोणाचा येत असेल तर तो माझा.

माझा नवरा गेल्यापासून आई माझ्याकडे केडगावला असते. उन्हाळ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई आणि आणखी एक जणी आमच्याकडे आल्या. अध्यक्षाबाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताई म्हणते. निवृत्त अधिकाऱ्याची बायको, मुलगा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, बोलणं अगदी स्वच्छ, नीटनेटकं. त्यांनी आईचा हात हातात घेतला.

"मावशी, मंडळाचं पाककृतींचं पुस्तक काढतोय. तुमच्या वहीशिवाय ते कसं होईल?"

आईनं हात सोडवून घेतला. "वही घरची हाय बाई. तिच्यात लोकांचं लई कायकाय हाय."

"तेच तर हवंय आम्हाला," ताई म्हणाल्या.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला आत स्वयंपाकघरात नेलं आणि समजावलं. "अगं, तू गेल्यावर ही वही कोण वाचणार? माझी पोरगी तर मराठी वाचताना अडखळते. छापलं तर राहील." मी सुप्याच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. छापलं की राहतं, यावर माझा भाबडा विश्वास होता.

आईनं फडताळातून वही काढली. मग बाहेर येऊन ताईंना म्हणाली, "जसं हाय तसं छापा. आन् मानसांची नावं गाळू नका. मी काय एकटीनं न्हाई केलं हे."

"शब्दन्‌शब्द, मावशी," ताई म्हणाल्या. मी तिथंच उभी होते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तर त्या रविवारी हॉलमध्ये, आईला दाखवायला काहीतरी सापडेल म्हणून मी पानं चाळत होते. तिच्या वहीतले सहा पदार्थ सापडले. पुरणपोळी, शेंगदाण्याची चटणी असले, कोणाच्याही घरात होणारे. खाली नाव नाही. एका पानावर 'हुलगा सूप' होतं. माझ्या आईचं हुलग्याचं माडगं! भाजलेल्या हुलग्याचं पीठ, पाणी, गुळाचा खडा, आणि बाळंतिणीला दिलं तर वरून थोडं दूध. त्याला यांनी वरून क्रीम सोडलं होतं आणि तळलेल्या ब्रेडचे तुकडे टाकायला सांगितले होते. सोबत फोटो, इंटरनेटवरून उचललेला, त्यात टोमॅटोचं सूप दिसत होतं. शेवटच्या पानावर आभार. 'मंडळीतील ज्येष्ठ भगिनींच्या सहकार्याबद्दल.'

"सापडलं का?" आईनं विचारलं.

मी तिला आभारांचं पान दाखवलं. तिनं बोटानं ओळ धरून वाचलं. ज्येष्ठ भगिनी, या शब्दांवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग तिनं पुस्तक मिटलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि उठली. तिच्यासाठी आणलेला समोसा तसाच राहिला.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "वही मागून आन."

सोमवारी मी ताईंना फोन केला. त्या घाईत होत्या. "वही डीटीपीवालीकडे असेल बघ," म्हणाल्या आणि पत्ता सांगितला. मी बस धरून शहरात गेले. गल्लीत वरच्या मजल्यावर दोन कॉम्प्युटरांचं छोटं दुकान. चाळिशीतल्या एक बाई लग्नपत्रिकेचं काम करत होत्या. त्यांनी कपाट धुंडाळलं आणि खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

पिशवीत वही नव्हती. सुटी पानं होती.

"शिवण कोणी उसवली?" मी विचारलं.

"स्कॅनरवर सपाट बसत नव्हती हो. मॅडम म्हणाल्या, काढून टाका." बिचाऱ्या कामाच्या बाई, त्यांना काय बोलणार? मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि पानं बघायला लागले.

प्रत्येक पानावर लाल पेन फिरला होता. 'आमी'चं 'आम्ही'. 'पानी'चं 'पाणी'. 'हुलगं'चं 'हुलगे'. समासात बाण, काने, वेलांट्या. जिथं जिथं माणसाचं नाव होतं तिथं चौकोन करून वरून आडवी रेघ. थोरली जाऊ खोडलेली. बोर्डिंगातली म्हातारी खोडलेली. 'कुनी बघत नसलं की उपटावी' या ओळीवर तर इतक्या जोरात रेघ मारली होती की कागद फाटला होता. वेगळ्या कागदावर दुरुस्त्या करता आल्या असत्या. झेरॉक्स काढून त्यावर करता आल्या असत्या. पण नाही. ऐंशी वर्षांच्या बाईच्या हस्ताक्षरावर, तिला न विचारता, चौथीतल्या पोरीची वही तपासावी तसा लाल पेन चालवला होता.

त्या अक्षराचं वळण माझ्या ओळखीचं होतं. मंडळातल्याच एका निवृत्त शिक्षिकेचं. मीही एकतीस वर्षं हेच केलं. किती पोरांच्या 'हाय'चं 'आहे' केलं असेल, आणि पालकसभेत त्यांच्या आयांना वर अभिमानानं दाखवलं असेल. मी ते पान पालथं घातलं.

मग रक्तीचं पान आलं. त्यावर लाल दुरुस्त्या नव्हत्या. निळ्या शाईनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'हे नको.' हे अक्षर ताईंचं. मंडळीच्या फलकावर दर आठवड्याला त्यांच्या सहीची सूचना असते, मला ओळखायला वेळ लागला नाही.

फुलीच्या खाली आईनं लिहिलं होतं:

'रक्ती. बकरं कापताना रगात भगुन्यात धरावं, चिमूटभर मीठ टाकावं. हालवू नये. थिजलं की सुरीनं वड्या पाडून गरम पान्यात सोडाव्या, घट झाल्या की काढाव्या. कांदा, लसून, लाल मिर्ची तेलात लाल करून त्यात परतावं. भाकरीसंगं खावं. हे मला दुस्काळात पाझर तलावाच्या कामावर शिकिवलं.' पुढं एका बाईचं नाव होतं. 'ती माझ्या शेजारी खडी फोडायची.'

ते नाव ताईंच्या आईचं होतं.

खाली आणखी सात-आठ ओळी होत्या. त्या वाचून मी पानं पिशवीत भरली आणि तशीच रिक्षा करून सावेडीला ताईंच्या घरी गेले.

त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला, आणि पाणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पुस्तक छान झालंय ना?"

मी पिशवी त्यांच्या टीपॉयवर उपडी केली. "हे तुम्ही काय केलंत ताई? शब्दन्‌शब्द म्हणाला होतात."

"अगं, भाषा शुद्ध नको का करायला? पुस्तक आहे ते. बाहेरचे लोक वाचतील."

"मग विंदालू कुठून आलं? तुमच्या आईनं कधी विंदालू केलं होतं?"

"ख्रिस्ती लोकांचं म्हणून लोकांना तेच माहीत असतं," त्या म्हणाल्या. "आणि रक्ती छापता येणारच नव्हती. रक्त खाऊ नये असं पवित्र शास्त्रात लिहिलंय. चर्चच्या पाळकसाहेबांनीच हरकत घेतली असती."

"सोरपोतेलात डुकराचं रक्त घालतात, ताई. तुम्ही जिथून ते उतरवलं तिथं लिहिलेलं असणार. तेवढी ओळ तुम्ही गाळली. पोर्तुगिजांनी शिकवलेलं रक्त चालतं, आपल्या आयांनी शिजवलेलं चालत नाही!"

माझा आवाज चढला होता. त्यांचाही चढला. "सून बाहेरच्या समाजातली आहे माझी. तिची आई, तिच्या मावश्या, सगळ्यांना मी हे पुस्तक देणार आहे. त्यात काय लिहू, माझी आई उन्हात खडी फोडायची आणि बकऱ्याचं रक्त मागून आणायची?"

"हो. लिहा. कारण ती फोडायची."

त्या सोफ्यावर बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू तेव्हा सहा-सात वर्षांची होतीस. तुला काही आठवत नाही, म्हणून तुला त्याचा अभिमान वाटतो. मला सगळं आठवतं. आणि एक सांग, तुझ्या आईला लिहिता येत होतं. माझ्या आईला येत नव्हतं. तिच्याबद्दल तुझ्या आईनं लिहायचं आणि मी ते जगाला वाचायला द्यायचं? तिला कोणी विचारलं होतं?"

खरं सांगायचं तर याचं नीटसं उत्तर मला आजही देता येत नाही. पण त्या वेळी राग एवढा होता की मी म्हणाले, "तुमच्या आईबद्दल या जगात कुठंही एक ओळ लिहिलेली असेल तर ती या पानावर आहे. आणि तुम्ही तिच्यावर फुली मारलीत. खालचं तरी वाचलंत का? पूर्ण वाचा."

मी पान पुढं केलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. "घेऊन जा तुझं," म्हणाल्या.

मी पानं गोळा केली आणि निघाले.

घरी आल्यावर आईला काही लपवून ठेवणं शक्यच नव्हतं. तिनं पिशवीतून पानं काढली आणि पलंगावर मांडायला सुरुवात केली. लाल रेघा अंगठ्यानं पुसून बघितल्या. सगळी पानं क्रमानं लावून झाल्यावर पुन्हा एकदा मोजल्यासारखी उलटली.

"मिलोचं पान न्हाई," ती म्हणाली.

दुष्काळात सरकारनं वाटलेली लाल परदेशी ज्वारी, तिला मिलो म्हणायचे. मला त्या दिवसांतलं फार आठवत नाही, पण त्या भाकरीचा लालसर रंग आठवतो. ते पान मी वहीत लहानपणापासून वाचलेलं. पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं, तरी भाकरीला चिरा पडतात, असं काहीतरी होतं, आणि शेवटी, 'पोरांना सांगावं लाल हाय म्हून गोड हाय.' मी डीटीपीवालीला फोन केला, त्या शिक्षिकेला केला. कोणाकडेच नव्हतं. कुठल्या तरी रद्दीत गेलं असणार.

"आई, तू सांग, मी परत लिहून काढते."

तेव्हा ती माझ्यावर उसळली. "मी येकदा लिवलंय! जवा लिवलं तवा माझ्या हाताला त्या पिठाचा वास हुता. आता काय सांगू तुला? म्हनलं हुतं मी, देऊ नको. तू साळंची बाई, तुला लई कळतंय!"

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढलं की जेवायची, ताट धुऊन ठेवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं रक्तीचं पान मागून घेतलं आणि खिडकीशी बसून ओठ हलवत वाचत राहिली.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. पाळकसाहेब नेहमीसारखे म्हणाले, "कोणाला प्रभूच्या उपकारांची साक्ष द्यायची आहे का?" साधारण कोणीतरी आजारातून उठलेलं असतं, कोणाचा मुलगा पास झालेला असतो. माझ्या शेजारून आई उठली. साऱ्या जन्मात ती कधी पुढं जाऊन बोलली नव्हती. बाकाला धरत धरत ती पुढं गेली, पाळकसाहेबांच्या हातातला माईक घेतला आणि पिशवीतून ते पान काढलं.

मला वाटलं होतं ती पुस्तकाबद्दल बोलेल, भांडेल. ती फक्त वाचायला लागली. रक्ती. बकरं कापताना रगात भगुन्यात धरावं.

मंडळीत आधी कुजबुज झाली. तरुण पोरं एकमेकांकडे बघून हसू दाबायला लागली. आई एका लयीत वाचत होती, तिच्या स्वतःच्या भाषेत, लाल पेन लागायच्या आधीच्या. पाळकसाहेब दोन पावलं पुढं आले आणि हळूच म्हणाले, "आजी, वेळ थोडा आहे."

आईनं चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "तुमचं परवचन पाऊन तास चाललं साहेब. मी मधी बोल्ले का?"

सगळे हसले. पाळकसाहेब मागं सरकले.

ताई पहिल्या रांगेत होत्या. आईनं शिकवणाऱ्या बाईचं नाव वाचलं, बापाच्या नावासकट. तिनं घेतलं, मी इथं घेत नाही. ताईंची मान ताठ झालेली मला मागून दिसली. आणि आईनं खालच्या ओळी वाचल्या, ज्या ताईंनी वाचायला नकार दिला होता.

'मुकादमाकडं पाव्हने आले तवा बकरं कापलं. रगात वतून द्यायला निघाले तवा हिनं भगुनं फुडं केलं. लोक हासले. ही म्हनली, हासा, पर भगुन्यात वता. तीन दगडांवर तिनं केलं. चौदा जनांनी खाल्लं, त्यात धा पोरं. माझ्या पोरीनं दोनदा मागून खाल्लं. हिला सोताला उरलं न्हाई. म्हनली, मला वास आवडत न्हाई. खोटं बोल्ली. मी तिला मागून भगुनं बोटानं पुसून खाताना बघितलं.'

आईनं पानाची घडी केली. "ही माझी साक्ष," म्हणाली. "त्या दिवशी परभू कुठं हुता मला ठावं न्हाई. भगुनं कुनी धरलं ते ठावं हाय."

कोणी आमेन म्हटलं नाही. ताई उठल्या, पर्स घेतली आणि बाजूच्या दारानं बाहेर गेल्या. रडत होत्या का, ते मला दिसलं नाही. मला तेव्हा त्यांचं वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक.

उपासनेनंतर तीन म्हाताऱ्या आईजवळ आल्या. एक म्हणाली, "माझी आई पन त्याच कामावर हुती." दुसरी आईच्या हाताला धरून नुसती उभी राहिली. ती तरुण पोरं मात्र हसत हसतच स्कूटरी काढून गेली. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती अजून हॉलच्या कपाटात आहेत. लग्नात, बारशात भेट म्हणून देतात. कोणीही एक शब्द बदललेला नाही, आणि मंडळाच्या पुढच्या सभेत या विषयाचा उच्चारसुद्धा झाला नाही.

घरी परतताना मी आईला विचारलं, "नाव घ्यायलाच हवं होतं का?"

"तिनं शिकिवलं," आई म्हणाली. "मंग कुनाचं नाव घेऊ?"

महिन्याभरानं पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, आमच्याकडे आल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि उठताना म्हणाल्या, "मावशींच्या त्या पानाची एक झेरॉक्स मिळेल का?"

"कोणाला हवी आहे?" मी विचारलं.

त्यांनी चपला पायात सरकवल्या. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"ज्याला हवी त्यानं स्वतः येऊन मागावी," मी म्हणाले. "आणि फुलीसकटच मिळेल."

पाळकीणबाई गेल्यावर आई माझ्याशी भांडली. "देऊन टाकायची हुती. तिच्या आईचं हाय ते."

"तिनं फुली मारली आई."

"मारली. पर मागितलं नव्हं का?"

"मागितलं नाही. माणूस पाठवलं."

आई म्हणाली, "तुझ्यात लई अढी हाय." असेल. मी ते पान प्लास्टिकमध्ये घालून माझ्या कपाटात, माझ्या किल्लीखाली ठेवलं आहे. बाकीची पानं आईनं पुन्हा शिवायला घेतली, पण आता तिच्या बोटांत जोर नाही आणि दाभण कागदातून नीट जात नाही. मी शिवू का म्हटलं तर देत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब त्याआधी सांगतात की ज्याच्या मनात आपल्या बंधू-भगिनीविषयी राग आहे त्यानं आधी समेट करावा, मग मेजापाशी यावं. आयुष्यभर मी ते वाक्य ऐकलं आणि कधी थांबले नाही. आता तीन महिने मी बाकावरच बसून राहते. ताई पुढं जातात, भाकर घेतात, प्याला घेतात, परत येताना माझ्याकडे बघत नाहीत. आईही जाते, आणि गेल्या खेपेला तर त्या दोघी शेजारी शेजारीच उभ्या होत्या.

परत येऊन बसताना आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आजून किती म्हैने?" हळूच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.